अनाशी ढाकाचा सण

मुलुंडला आमच्या चाळीत कल्हईवाला वर्षातून दोनदा यायचा. एकदा रमजान ईदच्या आधी, आमच्या घरासाठी आणि एकदा उन्हाळा लागता लागता, समोरच्या आजींसाठी. आजींच्या वेळी सगळीच भांडी बाहेर निघायची. पातेली, टोप, परात, अगदी पाण्याचे तांबेसुद्धा. नवसागराचा धूर दोन्ही घरांत भरायचा आणि आम्ही पोरं काळ्या पातेल्यातून चांदी उगवताना बघत बसायचो.

आजी बेने इस्राएल. मूळ गाव अलिबागेकडचं, आडनावाच्या शेवटी ‘कर’, अंगावर नऊवारी, हातात हिरव्या बांगड्या. चाळीत नवीन राहायला आलेल्या माणसाला त्या ज्यू आहेत हे कळायला महिनाभर तरी जायचा. कल्हई झाली, भिंतींना चुना लागला, की आठ दिवस त्यांच्या घरात पाव बंद. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. हातात ब्रूनचा तुकडा घेऊन नेहमीसारखा त्यांच्या घरात शिरत होतो, तर त्यांनी उंबऱ्यावरच थांबवलं. “ते बाहेर खाऊन ये रे बाळा.” का, म्हणून विचारलं. म्हणाल्या, “मिसरातून निघताना आमच्या माणसांना पीठ फुगेपर्यंत थांबायला सवड मिळाली नाही.” मला वाटलं, त्यांचे कुणी नातेवाईक परवाच कुठून तरी घाईघाईनं आले असावेत. विचारलं, “कधी?” आजी म्हणाल्या, “त्या रात्री.”

घरी येऊन आईला सांगितलं. ती हसली. म्हणाली, “अरे, ही तर आपल्या मुसा पैगंबरांची गोष्ट.”

या सणाचं हिब्रू नाव पेसाह. मराठी बायबलात त्याला ‘वल्हांडण’ म्हटलंय. आजी मात्र दोन्ही नावं क्वचितच घ्यायच्या. त्या म्हणायच्या, अनाशी ढाकाचा सण. मला आज बोलायचं आहे ते या तिसऱ्या नावाबद्दल. पण तिथं पोचायचं तर वाट मिसरातूनच जाते.

बायबलच्या दुसऱ्या पुस्तकाचं मराठी नाव ‘निर्गम’. इस्राएलचे वंशज मिसर देशात गुलाम होऊन राहिलेले, विटा पाडताहेत, फेरोसाठी म्हणजे आपल्या फिरऔनसाठी कोठारांची शहरं बांधताहेत. मुसा त्यांना सोड म्हणून सांगतो, फेरो ऐकत नाही, एकामागून एक नऊ पीडा येऊन जातात. बाराव्या अध्यायात दहाव्या पीडेची रात्र येते, आणि इथं गोष्ट सांगणारा एकदम थांबतो. कथा ऐन रंगात आलेली असताना तो चक्क घरकामाच्या सूचना द्यायला लागतो. महिन्याच्या दहाव्या दिवशी प्रत्येक घरानं एक कोकरू निवडावं. कुटुंब लहान असेल तर शेजाऱ्याला सामील करून घ्यावं. चौदाव्या दिवशी संध्याकाळी ते कापावं, त्याचं रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि वरच्या पट्टीला लावावं. मांस भाजूनच खावं, उकडू नये. सोबत बेखमीर भाकरी आणि कडू भाजी. कंबर कसलेली, पायांत वहाणा, हातात काठी, आणि जेवायचं ते घाईघाईनं. त्या रात्री मिसरातल्या प्रत्येक घरातला थोरला मुलगा मरेल, पण ज्या दारावर रक्ताची खूण आहे ते दार मृत्यू ओलांडून जाईल. ‘पेसाह’चा अर्थ या ओलांडण्याशी जोडलेला आहे. ‘वल्हांडण’ हा शब्द त्यावरूनच केलेला. मला तो फार आवडतो. आपला उंबरा त्यात आहे.

पुढं सगळं वेगानं होतं. मध्यरात्री आकांत उठतो, फेरो स्वतःच जा म्हणतो, आणि लोक मळलेलं पीठ तसंच काथवटीसकट कापडात बांधून खांद्यावर टाकून निघतात. खमीर चढायला वेळ नव्हता, म्हणून सात दिवस बेखमीर. भारतात आणि इतर देशांत विखुरलेल्या ज्यूंनी पुढं त्याचे आठ केले.

‘निर्गम’ आणि ‘अनुवाद’ या पुस्तकांत मिळून चार ठिकाणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते. पुढं तुझं मूल या सगळ्याचा अर्थ विचारेल, तेव्हा त्याला सांग. म्हणजे हा सण मंदिराचा नाही, पुरोहिताचाही नाही. तो घरातला आहे. ताटात काही तरी वेगळं दिसावं, मुलाला नवल वाटावं, त्यानं विचारावं आणि मोठ्यानं सांगावं, एवढीच त्याची यंत्रणा. पेसाहच्या रात्री जी पोथी वाचतात तिला ‘हगादा’ म्हणतात. हगादा म्हणजे सांगणं. गंमत अशी, की या पोथीत मुसाचं नाव जवळजवळ नाहीच. आम्हा मुसलमानांना हे चमत्कारिक वाटतं. कुराणात ज्या पैगंबराचं नाव सगळ्यांत जास्त वेळा येतं, तो इथं आपल्याच गोष्टीतून बाजूला सरकून उभा आहे. सोडवणारा ईश्वर, माणसाचं श्रेय कशाला, असं त्याचं कारण सांगतात.

आता इतिहासकार काय म्हणतात? मिसरातल्या कोणत्याही लेखात गुलामांच्या या सुटकेचा उल्लेख सापडलेला नाही. मेर्नेप्ताह नावाच्या फेरोचा इसवी सनापूर्वी १२०८ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. त्यात ‘इस्राएल’ हे नाव येतं, पण मिसरातले गुलाम म्हणून नव्हे, तर कनान प्रदेशातला, फेरोनं हरवलेला एक समाज म्हणून. अनेक अभ्यासकांचं मत असं, की मुळात हे दोन वेगळे सण होते. कोकराचा सण मेंढपाळांचा आणि बेखमीर भाकरीचा सण जवाची कापणी सुरू करणाऱ्या शेतकऱ्यांचा. सुटकेच्या आठवणीनं ते एकत्र ओवले गेले. मला यात श्रद्धेला धक्का बसण्यासारखं काही वाटत नाही. आपल्याकडेही सुगीचे किती सण कुठल्या ना कुठल्या विजयाच्या कथेला बांधलेले आहेत.

मला जास्त नवल वाटतं ते दुसऱ्याच जागेचं. ‘दुसरे राजे’ या बायबलमधल्या पुस्तकात योशिया नावाच्या राजाची हकीकत आहे. साधारण इसवी सनापूर्वी ६२२ साल. यरुशलेमच्या मंदिराची दुरुस्ती चालू असताना तिथं नियमशास्त्राचं एक पुस्तक सापडतं. ते वाचून राजा आपली वस्त्रं फाडतो, कारण त्यात लिहिलेलं कुणी पाळतच नसतं. मग तो वल्हांडण पाळायला लावतो, आणि पुस्तक स्वच्छ सांगतं, की शास्त्यांच्या काळापासून, कोणत्याही राजाच्या कारकिर्दीत, असा वल्हांडण झाला नव्हता. ज्या सणाचा सारा भर आठवण ठेवण्यावर, तो खुद्द यरुशलेममध्ये पिढ्यान्‌पिढ्या विसरला गेला होता आणि पुस्तक हाती लागल्यावर परत आला. बायबलानं ही कबुली लपवलेली नाही.

दुसरी हकीकत नाईल नदीतल्या एका बेटावरची. बेटाचं नाव एलिफंटाइन. आपल्या घारापुरीशी त्याचा संबंध नाही, तरी मुंबईकराचा कान टवकारतोच. तिथं इराणी साम्राज्याच्या चाकरीत ज्यू शिपायांची छावणी होती. म्हणजे ज्या मिसरातून सुटल्याचा सण, त्याच मिसरात हे लोक पगारी नोकरीवर! त्यांना इसवी सनापूर्वी ४१९ मध्ये हनन्या नावाच्या गृहस्थानं आरमाइक भाषेत लिहिलेलं एक पत्र सापडलं आहे. पपायरस फाटलेला आहे, पण आशय लागतो. अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत शुद्ध राहा, खमीर असलेलं काही खाऊ नका, आणि ते खोल्यांत ठेवून या दिवसांत मोहोरबंद करा. पुढच्या काळातल्या धर्मशास्त्र्यांनी खमीर घरातून समूळ काढायला सांगितलं. या पत्रात मात्र काढून टाका म्हटलेलं नाही. बंद करून ठेवा म्हटलंय. त्यातला खमिराचा आरमाइक शब्दही ‘खमीर’चाच सख्खा भाऊ. आपल्याकडे तो अरबी-फारसीतून आला आणि मराठीनं त्याला ‘अंगात खमीर असणं’ इथवर नेलं.

हे बंद करून ठेवणं ध्यानात असू द्या. आता आपण कोकणात उतरू.

बेने इस्राएलांची परंपरा अशी, की त्यांचे पूर्वज जहाजानं येत असताना अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. मुसाच्या गोष्टीत समुद्र दुभंगून वाट देतो. इथं समुद्रानं चौदा माणसं सोडून सगळं घेतलं, धर्मग्रंथही घेतले. वाचलेले लोक तेल गाळू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. हिब्रू गेली, मराठी आली. उरलं काय? सुंता, शनिवार, माशांतले खवले-पर असलेलेच खायचे हा नियम आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना. लग्न असो, बारसं असो की मयत, तीच एक. आणि सण उरले, पण त्यांची नावं बघा. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. यरुशलेमचं मंदिर पडल्याचा शोक ज्या दिवशी जगभरचे ज्यू करतात, तो आमच्या कोकणात वालाच्या बिरड्याच्या नावानं टिकला.

आणि वल्हांडण? तो झाला अनाशी ढाकाचा सण. अनास म्हणजे घरात मुरवून ठेवलेलं, जेवणात तोंडी लावायचं एक आंबट द्रव्य. ते ज्या बरणीत असायचं ती बरणी या सणात आठ दिवस झाकून ठेवायची. ढाकणं म्हणजे झाकणं. बस्स. मिसर नाही, फेरो नाही, कोकरू नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर अमुक आठ दिवस ती बरणी उघडायची नाही, एवढंच सासूनं सुनेला सांगितलं आणि सुनेनं पुढं तिच्या सुनेला. रोजची तांदळाची भाकरी तशीही बेखमीरच असते. घरात आंबलेलं म्हणावं असं जे होतं ते त्या बरणीत. तेव्हा बरणी झाकणाऱ्या बायकांचं शास्त्र चुकलं नव्हतं, असं मला वाटतं. नाईलमधल्या त्या बेटावर नेमकं हेच करायला सांगितलं होतं. या दोन गोष्टींचा थेट धागा आहे असा माझा दावा नाही. पण गोष्ट विसरली गेली आणि हाताला मात्र ती आठवत राहिली, हे मला कोणत्याही चमत्काराइतकं मोठं वाटतं.

गोष्ट परत आली ती मराठीतून. दावीद राहाबी नावाचा एक परदेशी ज्यू कोकणात आला, त्यानं या लोकांना ओळखलं आणि तिघांना धर्माचं शिक्षण देऊन काजी नेमलं, अशी कथा आहे. तो कोणत्या शतकात आला यावर एकमत नाही. काजी हा शब्द मात्र बेने इस्राएलांत बराच काळ टिकला. आमचाही तोच शब्द. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून ज्यू शिक्षक आले. मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता. झालं उलटंच. शाळांमधून मराठी बायबल हाती आलं आणि बेने इस्राएल ख्रिस्ती होण्याऐवजी अधिक ज्यू झाले. योशियाच्या काळात जे मंदिराच्या डागडुजीत घडलं, ते इथं मुंबईच्या छापखान्यांत घडलं. १८४६ मध्ये मुंबईत मराठी अनुवादासह हगादा शिळाछापावर निघाली. १८७४ मध्ये पुण्यात सचित्र हगादा छापली गेली. तिच्यातल्या चित्रांत पेसाहची भाकरी करणाऱ्या बायका लुगडं नेसून जमिनीवर बसल्या आहेत. चित्रकाराला त्यांना युरोपी झगे घालावेसे वाटले नाहीत, हे किती बरं झालं. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेही तेल अवीवला.

सुटकेची एक गोष्ट मुंबईचीही आहे. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल दिवेकर, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपूच्या सैन्याच्या हाती सापडले. बेने इस्राएलांत सांगतात, की कैद्यांना जात विचारली गेली तेव्हा यांनी बेने इस्राएल असं उत्तर दिलं. टिपूच्या आईनं ते ऐकलं आणि म्हणाली, हे नाव तर कुराणात आहे, ही माणसं मी आजवर पाहिली नाहीत, यांना मारू नका. जीव वाचला. जिवंत घरी परतलो तर प्रार्थनामंदिर बांधीन असा दिवेकरांचा नवस होता. १७९६ मध्ये त्यांनी तो फेडला. मुंबईतलं ते पहिलं सिनेगॉग, शार हारहमीम, दयेचं द्वार. बेने इस्राएल सिनेगॉगला मशीदच म्हणत. मध्य रेल्वेच्या मशीद बंदर स्टेशनाच्या नावातली मशीद हीच, असं सांगितलं जातं. तिथल्या एका रस्त्याला अजून सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. रोज लाखो लोक या स्टेशनावरून जातात आणि मशीद म्हटल्यावर त्यांच्या मनात आम्ही येतो. येईनात का.

आईनं सांगितलेल्या गोष्टीकडे परत यायला हवं. मोहरमच्या दहाव्या दिवशी ती रोजा ठेवायची. करबलाचं दुःख त्या दिवसाशी जोडलेलं आहेच, पण रोज्याची कथा त्याहून जुनी. हदीसमध्ये असं येतं, की पैगंबर मदिनेला आले तेव्हा तिथले यहुदी उपास करताना त्यांना दिसले. कशाचा, म्हणून विचारलं. अल्लानं मुसाची सुटका केली तो हा दिवस, असं उत्तर मिळालं. तेव्हा, मुसा आम्हालाही जवळचे आहेत, असं म्हणून त्यांनी स्वतः रोजा धरला. पुढं रमजानचे रोजे फर्ज झाले आणि हा ऐच्छिक राहिला. यहुद्यांचा तो उपास पेसाहचा नसावा, पेसाहला उपास नसतो, सण असतो. पण एकाच सुटकेची आठवण समोरासमोरच्या दोन दारांत, वर्षाच्या दोन वेगळ्या वेळी, एकीकडे न जेवून आणि एकीकडे वेगळं जेवून पाळली जात होती. आई आणि आजी यांनी यावर कधी चर्चा केल्याचं मला आठवत नाही. त्या मासळीच्या भावावर बोलायच्या.

आजींचा मुलगा इस्राएलला गेला. १९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येनं गेले. आणि तिथं १९६१-६२ च्या सुमारास काय झालं, तर तिथल्या धर्मपीठानं यांच्या लग्नांच्या वेळी वंशाची चौकशी करण्याचा फतवा काढला. तुम्ही खरे ज्यू कशावरून? कोकणात शेकडो वर्षं बरणी झाकून ठेवणाऱ्या बायकांच्या नातवंडांना हा प्रश्न विचारला गेला. त्यांनी जेरुसलेमला धरणं धरलं. १९६४ मध्ये तिथल्या सरकारनं आणि संसदेनं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. मला या लोकांची चीड समजते. मी मराठीत कविता लिहितो म्हटल्यावर आजही कुणी तरी कौतुकानं म्हणतं, “तुमचं मराठी छान आहे हो!” घरच्या भाषेबद्दल शाबासकी मिळाली की काय उत्तर द्यावं सुचत नाही.

२०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात ज्यू साडेचार हजारांच्या आसपास भरले. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. बहुतेक जण मुंबई-ठाण्यात आहेत. मुलुंडहून एक स्टेशन पुढं ठाणे. तिथलं शार हाशामाइम हे सिनेगॉग १८७९ चं. तिथं पेसाहची तयारी अजून होते. काही घरांत पांढऱ्या कागदावर कोकराच्या रक्तानं पंजाचा ठसा उमटवून दारावर लावायची रीत आहे. कागद आजचा, दाराच्या बाह्या निर्गमातल्या.

मुलगा गेला त्या वर्षी आजींनी पेसाहच्या रात्री मला बोलावलं. त्या रात्रीचे प्रश्न घरातल्या सगळ्यांत लहान माणसानं विचारायचे असतात आणि त्यांच्या घरात लहान कुणी उरलं नव्हतं. आईनं मला धुतलेला शर्ट घातला. पाटावर बसलो. समोर कडू पाला, पातळ कडक भाकरी, खजूर शिजवून गाळून केलेला घट्ट गोड रस. आजोबांनी पोथी उघडली आणि माझ्याकडे पाहिलं. मला काय विचारायचं ते आजींनी दुपारीच पढवलं होतं, पण ऐन वेळी सगळं विसरलो. मग सुचलं तेच विचारलं, “आजी, तुमच्यात आज पाव का नाही?”

आजोबांनी चष्मा पुसला आणि मराठीत सुरुवात केली. बराच वेळ सांगत होते. मी खजुराचा रस दोनदा मागून घेतला.